सहा सीटर बग्गी चढावर तापते : कामाच्या नोंदी

४ एप्रिल २०२५, शुक्रवार

दापोली तालुक्यातल्या एका रिसॉर्टची बग्गी हातात घेतलीय. खाली समुद्राच्या बाजूला रिसेप्शन आणि वर सड्यावर कॉटेजेस, मधे जांभ्याचा चढ, आणि गेस्ट व त्यांच्या बॅगा वर न्यायच्या ते या एका बग्गीने. ४८ व्होल्ट, ६ व्होल्टच्या ८ लेड ॲसिड बॅटऱ्या, मागे एसी इंडक्शन मोटर, कर्टिस कंपनीचा एसी कंट्रोलर (बॅटरीची वीज मोटरला मोजून देणारा डबा), डिफरन्शियलचा रेशो १२.४४, म्हणजे मोटर १२.४४ वेळा फिरली की चाक एकदा.

तक्रार अशी की सकाळी व्यवस्थित चालते, अकरा-साडेअकरानंतर चढाच्या मधेच ढेपाळते, माणूस चालेल त्याहून हळू होते, कधी कधी थांबतेच, मग गेस्ट उतरून चालत वर जातात आणि ड्रायव्हर काका रिकामी बग्गी कशीबशी वर नेतात. आधीच्या मेकॅनिकने स्पीड कमी करून दिला, तरी फरक नाही, उलट काकांच्या म्हणण्याप्रमाणे त्यानंतर जास्तच व्हायला लागलं. मॅनेजर साहेबांचं म्हणणं, अजून थोडा स्पीड कमी करा म्हणजे गरम व्हायची नाही.

मी आज सेटिंगला हातच लावला नाही. "गरम होते" म्हणजे नक्की काय गरम होतं ते आधी बघायचं. मोटर, कंट्रोलर, केबलचा एखादा लग (टोकाची धातूची कडी), ब्रेकचा ड्रम, चौघांचं गरम होणं वेगळं आणि चौघांवरचा इलाजही वेगळा. सुदैवाने कंट्रोलरला दोन एलईडी आहेत आणि बंद पडल्यावर ते लुकलुकतात. काकांना विचारलं तर म्हणाले लाल एकदा मग पिवळा दोनदा, मग लाल दोनदा मग पिवळा बरेच वेळा. ही वाचायची पद्धत सोपी आहे, लाल एकदा म्हणजे पुढे पहिला आकडा येतोय, लाल दोनदा म्हणजे दुसरा. म्हणजे वीसच्या घरातला कोड. २२ असेल तर कंट्रोलर तापलाय, २८ असेल तर मोटर. काकांच्या "बरेच वेळा"वरून २८ वाटतोय पण अंदाजावर काम करायचं नाही. काकांना एक वही दिली, बंद पडली की वेळ आणि दोन्ही पिवळे आकडे लिहायचे, बाकी काही नाही.

५ एप्रिल, शनिवार

चढ मोजला. मीटरभर लांबीची सरळ पट्टी, त्यावर गवंड्याची स्पिरिट लेव्हल, खालच्या टोकाला पट्टी उचलून बुडबुडा मधे आणायचा आणि खालची फट टेपने मोजायची. फट १२ सेंटीमीटर आली की चढ १२ टक्के. एवढं सोपं आहे पण कोणी करत नाही, सगळे "लई चढ आहे" म्हणून सोडून देतात. बहुतेक ठिकाणी ११ ते १३ आला, आणि विहिरीजवळच्या वळणावर १५. चढाची लांबी टेपने साधारण ३५० मीटर, म्हणजे उंची ४० मीटरच्या आसपास.

आता वजन. बॅटऱ्यांसकट बग्गी साडेसहाशे किलोच्या घरात, सहा माणसं आणि बॅगा धरून आणखी पाचशे, म्हणजे साधारण ११५० किलो. १२ टक्के चढावर एवढं वजन ओढायला १३५० न्यूटन नुसतं वर चढायलाच, आणि खडबडीत जांभ्यावर चाकं फिरवायला वरून सव्वादोनशे. म्हणजे १५७० ची ओढ. सपाट रस्त्यावर ही बग्गी सव्वादोनशेत चालते, इथे त्याच्या सातपट लागतंय. गोल्फ कोर्सवरची कार्ट आणि कोकणातली बग्गी यात हाच फरक आहे, मशीन तेच पण इथे त्याच्याकडून घाटातलं काम करून घेतो आपण.

काकांच्या वहीत आज दोन नोंदी. ११.४० ला २८. दुपारी ४.१० ला २२. म्हणजे दोन्ही! हे बघून बरं वाटलं, कारण आता कळलं की दुखणी दोन आहेत आणि सगळे त्याला एकच समजून चालले होते.

७ एप्रिल, सोमवार

काल रामनवमीमुळे काम बंद. आज पुण्याच्या मित्राकडून मागवलेला हॅण्डहेल्ड प्रोग्रामर आला, म्हणजे कंट्रोलरची सेटिंग वाचायचं आणि बदलायचं यंत्र, डीलर लेव्हलचा ॲक्सेस असलेला. लावल्यावर सगळ्यात आधी एकूण एक पॅरामीटर जसाच्या तसा वहीत उतरवला आणि प्रोग्रामरमधेही सेव्ह केला. आधीच्या मेकॅनिकने मूळ आकडे कुठे ठेवले नाहीत, फक्त सीटच्या खाली एका स्टिकरवर पेनाने "३६०० होता, १००० केला" असं आहे. हा मॅक्स स्पीड, मोटरच्या आरपीएममधे.

मग खरी चाचणी. सहा माणसांऐवजी वाळूच्या गोण्या भरल्या, पाचशे किलो होतील एवढ्या, म्हणजे प्रत्येक वेळी वजन तेच राहील. मोटर थंड झाल्यावर प्रोग्रामरच्या मॉनिटरमधे मोटरचं तापमान आणि मोटरचा करंट बघत चढ चढलो, आणि बॅटरीच्या मुख्य केबलला डीसी क्लॅम्प मीटर.

१००० आरपीएमवर, म्हणजे ताशी साडेआठ किमी : चढायला जवळपास अडीच मिनिटं, बॅटरीतून १२५ अँपिअर, मोटरमधे २७०. मोटरचं तापमान एका चढात २८ अंशांनी वाढलं.

मग मॅक्स स्पीड तात्पुरता १६५० केला, म्हणजे ताशी १४ किमी. मोटर परत थंड होऊ दिली. चढायला दीड मिनिट, बॅटरीतून १८० च्या आसपास, मोटरमधे परत २७०! तापमान वाढलं १८ अंशांनी.

मॅनेजर साहेब बाजूलाच होते, त्यांना क्लॅम्प मीटर दाखवला तर म्हणाले बघा स्पीड वाढवला की करंट वाढतोच ना. बरोबर आहे, बॅटरीचा वाढतो. पण मोटर तापते ती मोटरच्या आतल्या करंटने, बॅटरीच्या नाही, आणि इथेच सगळ्यांची गल्लत होते. मधे कंट्रोलर आहे, तो बॅटरीचा जास्त व्होल्ट कमी अँपिअर घेतो आणि मोटरला कमी व्होल्ट जास्त अँपिअर देतो. मोटरला किती अँपिअर लागणार ते ठरतं टॉर्कवर (फिरवायच्या जोरावर), आणि टॉर्क ठरतो वजन आणि चढावर. हळू चढा नाहीतर भरभर चढा, ओढ तीच. डोक्यावर तांदळाचं पोतं घेऊन पाखाडी चढायची असेल तर हळू चढल्याने पोतं हलकं होत नाही, फक्त जास्त वेळ डोक्यावर राहतं. मोटरच्या वाइंडिंगमधली (आतल्या तांब्याच्या वेढ्यांमधली) उष्णता करंटच्या वर्गाने वाढते आणि जितका वेळ करंट वाहील तितकी साठत जाते. करंट तोच आणि वेळ जास्त, म्हणजे स्पीड कमी करून आधीच्या मेकॅनिकने मोटर जास्त तापवली. काकांचं निरीक्षण शंभर टक्के खरं होतं. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी असा प्रकार झाला होता.

(याला मर्यादा आहे. स्पीड खूप वाढवला की मोटर फील्ड वीकनिंगमधे जाते, म्हणजे व्होल्टेज पुरत नाही म्हणून तिचं चुंबकत्व कमी करून पळवावी लागते, तिथे त्याच टॉर्कला जास्त करंट लागतो, आणि बॅटरीचा व्होल्टेज चढावर बसला की ही हद्द अजून खाली येते. त्यामुळे "मग पूर्ण सोडून द्या" हेही उत्तर नाही.)

८ एप्रिल, मंगळवार

रात्री हिशोब करत बसलो होतो, मोटरमधे २७० अँपिअर हे मला या मोटरच्या मानाने जास्तच वाटत होतं. सकाळी परत गेलो आणि टायरवरचे आकडे वाचले. २२x११-१०. बाकी बग्गीच्या कागदांमधे बघितलं तर मूळ टायर १८x८.५०-८.

विचारलं तर कळलं की मागच्या वर्षी रिसेप्शनजवळच्या उंचवट्यावर बग्गीचं पोट घासायचं म्हणून मोठे टायर आणि रिम टाकून घेतले, दिसायलाही छान दिसतात. आणि काकांना विचारलं गरम व्हायला कधीपासून लागली तर तेही मागच्या वर्षीच. दोन गोष्टी एकाच वेळी सुरू झाल्या पण कोणी जोडून बघितल्या नाहीत कारण टायरचा आणि गरम होण्याचा काय संबंध असं कोणालाही वाटेल.

संबंध सरळ आहे. १८ इंची चाकाची त्रिज्या ९ इंच, २२ इंचीची ११. जमिनीवर ओढ तीच हवी तर ॲक्सलला २२ टक्के जास्त टॉर्क लागतो, कारण लिव्हर तेवढा लांब झाला. गिअरचा रेशो बदललेला नाही, म्हणजे तो सगळा जादा टॉर्क मोटरच्याच माथी. माझ्या हिशोबाने १८ इंची चाकावर या चढाला मोटरकडून ३२ न्यूटन मीटर हवेत आणि २२ इंचीवर ३९. आणि उष्णता वर्गाने जाते, १.२२ गुणिले १.२२ म्हणजे जवळजवळ दीडपट. दीडपट! नुसत्या टायरने.

स्पीडचंही तेच. १८ इंची चाकाचा घेर १.४४ मीटर, २२ इंचीचा १.७५. स्टिकरवरचे ३६०० आरपीएम मूळ टायरवर ताशी २५ किमी होतात, मोठ्या टायरवर तेच ३० च्या वर. म्हणून तेव्हा बग्गी "पळायला लागली", गेस्ट घाबरले, आणि मग स्पीड कापला. अमेरिकेत गोल्फ कार्टसाठी जे एएनएसआयचं मानक आहे त्यात कमाल स्पीड ताशी १५ मैल म्हणजे २४ किमी धरलाय, आणि तो सपाट जमिनीसाठी. रिसॉर्टच्या आत मुलं धावत असतात तिथे ३० हा आकडा ऐकूनच अंगावर काटा येतो.

मोटरचा टेम्परेचर सेन्सरही तपासून घेतला, सेन्सरच खोटं बोलत असेल तर सगळंच मुसळ केरात. केटीवाय८४ जातीचा आहे, सकाळच्या थंड मोटरवर मल्टिमीटरने ६३० ओहमच्या आसपास आला, जो तीस अंशाला यायला हवा. हा सेन्सर डायोडसारखा एका दिशेनेच बरोबर मोजतो, उलटी प्रोब लावून बघून सेन्सर गेला म्हणू नये.

११ एप्रिल, शुक्रवार

नवे १८ इंची टायर ऑर्डर केलेत, पुढच्या आठवड्यात येतील. मॅनेजर साहेब लगेच तयार नव्हते, मोठ्या टायरवर पैसे घातलेत ना. वाळूच्या गोण्यांच्या चाचणीचे आकडे आणि मोटर रिवाइंडिंगचा खर्च दोन्ही शेजारी लिहून दाखवलं, मग पटलं.

तोपर्यंत दुसरं दुखणं, कोड २२. कंट्रोलरचा हीटसिंक (गर्मी बाहेर टाकणारा धातूचा भाग) ८५ अंशाच्या वर गेला की तो करंट कमी करायला लागतो आणि ९५ ला पूर्ण बंद करतो. मोटर तापायला आणि थंड व्हायला वेळ लागतो, चार-पाच फेऱ्यांची गर्मी तिच्यात साठत जाते, म्हणून २८ नेहमी अकरानंतर. कंट्रोलरचं तसं नाही, तो दोन मिनिटांत तापतो. मग २२ कायम दुपारी चार-पाचलाच का? सकाळी अकराला ऊन जास्त असून येत नाही.

उत्तर काकांच्या शेजारी बसल्यावर मिळालं. संध्याकाळी खाली समुद्र चमकायला लागतो, विहिरीजवळच्या वळणावरून तो पूर्ण दिसतो, आणि गेस्ट म्हणतात काका जरा थांबा फोटो काढायचाय. काका थांबतात. १५ टक्क्याच्या चढावर, सहा माणसांसकट, ब्रेक न लावता, पॅडल किंचित दाबून बग्गी जागच्या जागी तोलून धरतात! मी विचारलं काका ब्रेक का नाही लावत, तर म्हणाले "दादा, हँडब्रेक धरत नाही ओ, सुटते मागे. पॅडलवर बरी राहते, गेस्ट पण घाबरत नाहीत." त्यांच्या परीने ते गेस्टची काळजीच घेत होते.

पण कंट्रोलरसाठी यापेक्षा वाईट काही नाही. मोटर फिरत असताना तिन्ही फेजमधे करंट आळीपाळीने कमी-जास्त होतो, सगळे मॉसफेट (करंट चालू-बंद करणारे इलेक्ट्रॉनिक स्विच) भार वाटून घेतात. मोटर थांबलेली आणि टॉर्क मात्र पूर्ण, अशा वेळी करंट एका फेजमधून दुसऱ्या फेजमधे अगदी सावकाश सरकतो आणि एकेक मॉसफेट बराच वेळ भाजत राहतो. प्रोग्रामरवर डोळ्यादेखत बघितलं, फोटो काढून होईस्तोवर हीटसिंक ६१ वरून ८४ वर गेला.

मग हँडब्रेक. बग्गी जॅकवर घेतली, मागचं डावं चाक हाताने फिरवलं तर अर्ध्या फेरीत थांबतंय, उजवं मोकळं. खाऱ्या हवेने केबल आतून गंजून धरलीय, म्हणजे डावा ब्रेक कायम थोडा लागलेला आणि उजवा लागतच नाही. म्हणजे चढावर धरत नाही आणि सपाटीवर सोडत नाही, दोन्हीकडून नुकसान.

किती ओढ जातेय ते मोजायला मासळीवाल्यांकडचा स्प्रिंग काटा मागून आणला, टांगायचा हूकवाला. रिकामी बग्गी न्यूट्रलमधे सपाट फरशीवर, पुढे दोर, दोराला काटा, आणि दोन पोरांनी सावकाश एकसारखी ओढायची. काटा २३ किलोवर. केबल मोकळी करून ड्रम साफ करून परत ओढली, १३ किलो. दहा किलोची ओढ नुसती ब्रेक खात होता. चढाच्या १५७० न्यूटनपुढे हे शंभर न्यूटन म्हणजे सहा टक्केच, त्यामुळे ब्रेकमुळे मोटर तापते असं मी म्हणणार नाही. पण सपाटीवरच्या सव्वादोनशे न्यूटनपुढे ती जवळपास निम्मी जादा ओढ आहे आणि ती बॅटरीतूनच जाते, आणि डाव्या हबचं ग्रीस वितळून काळं पडलं होतं. केबल दोन्ही नव्या टाकायच्या.

१४ एप्रिल, सोमवार

शनिवार, रविवार आणि आज आंबेडकर जयंतीची सुट्टी, रिसॉर्ट फुल्ल. टायर अजून नाहीत. वहीत २८ चे कोड आलेच, पण काकांना सांगून ठेवलं होतं की चढावर रखडू नका, विहिरीपाशी थांबू नका, वर पोचल्यावर सावलीत दहा मिनिटं उभी करा आणि गर्दीत बॅगा वेगळ्या फेरीत न्या. मॅक्स स्पीड १६५० वरच ठेवलाय. २२ एकदाही आला नाही.

एका गेस्टनी, स्वतः इंजिनिअर आहेत, मला सुचवलं की मोटरची टेम्परेचर हॉट आणि मॅक्स (किती अंशाला करंट कमी करायला लागायचं आणि किती अंशाला बंद करायचा) ही सेटिंगच वीस अंशांनी वाढवा, कटकट मिटेल. त्यांना नम्रपणे नाही म्हटलं. ते सेटिंग वाइंडिंगच्या इन्सुलेशनला वाचवायला आहे. सेन्सर एका जागी बसवलेला असतो, आत सगळ्यात गरम जागा त्याच्याहून जास्त गरम असू शकते. लिमिट वाढवून कोड बंद होतो, उष्णता बंद होत नाही, आणि एक दिवस मोटरमधून वास येतो तेव्हा तिला रिवाइंडिंगशिवाय इलाज नसतो. ज्यांच्याकडे प्रोग्रामर आहे त्या प्रत्येकाला माझं कळकळीचं सांगणं आहे, ही दोन सेटिंग सोडून बाकी कशाशीही खेळा.

१६ एप्रिल, बुधवार

टायर आले. १८x८.५०-८, हवा २२ पीएसआय. गवंडी काकांनी रिसेप्शनजवळच्या उंचवट्याच्या दोन्ही बाजूंना चिरा आणि सिमेंटने लांब उतार करून दिला, त्यामुळे पोट घासायचं कारणच गेलं. मागच्या वर्षी हेच केलं असतं तर टायरचे पैसेही वाचले असते.

कंट्रोलर खोलला. खाली ॲल्युमिनियमची जाड प्लेट आहे, ती बरोबर, पण कंट्रोलर आणि प्लेटच्या मधे कोणीतरी रबराची शीट घातलेली, व्हायब्रेशन होऊ नये म्हणून असणार. कंट्रोलरची गर्मी बाहेर जायची वाट तळातूनच असते आणि तिथेच रबर. शीट काढली, दोन्ही पृष्ठभाग बारीक एमरीने साफ केले, थिनरने पुसले, थर्मल पेस्टचा एकदम पातळ हात दिला. जाड थापायची नाही, पेस्टचं काम फक्त बारीक फटी भरायचं आहे. चारही बोल्ट तिरपे तिरपे करून घट्ट केले. प्लेटच्या खालच्या बाजूला लाल धूळ आणि ओल मिळून बोटभर थर बसला होता, तो खरवडून काढला.

केबलचे लग बघताना इन्फ्रारेड गनच्या भरवशावर राहू नये. चकचकीत तांबं किंवा ॲल्युमिनियम त्या गनला थंडच दिसतं. लगवर काळ्या इन्सुलेशन टेपचा तुकडा चिकटवायचा आणि टेपवर नेम धरायचा. चढ चढून आल्यावर बॅटरी नंबर तीनचा निगेटिव्ह लग ७८ निघाला, बाकीचे ४५ ते ५०. खोलला तर आत हिरवा-पांढरा क्षार. सोड्याच्या पाण्याने धुऊन, घासून, परत घट्ट करून वर पेट्रोलियम जेली. नंतर ४८.

१७ एप्रिल, गुरुवार

सेटिंग. एक बदलायचं, चालवून बघायचं, लिहायचं, मग दुसरं. सगळं एकदम बदललं की कशाने काय झालं ते कळत नाही.

मॅक्स स्पीड २३००. हिशोब : २३०० भागिले १२.४४ गुणिले घेर १.४४, तासाला १६ किमी. मोबाइलच्या जीपीएसवर १५.५ आला, वजनाने टायर थोडा दबतो म्हणून. १६ हा आकडा मी गर्मीसाठी नाही, रिसॉर्टच्या आतल्या माणसांसाठी निवडलाय. गर्मीच्या दृष्टीने तो चांगलाच आहे, चढ दीड मिनिटाच्या आत संपतो.

फुल ॲक्सेल रेट १ सेकंदावरून ३ वर. इथे बरेच जण उलटं करतात, आकडा मोठा म्हणजे जोर जास्त असं वाटतं, पण हा वेळ आहे, मोठा आकडा म्हणजे सावकाश उचल. चढावर मधेच निघताना करंटचा जो झटका बसायचा तो यामुळे गेला, आणि मागच्या सीटवरच्या आज्जीबाईंची मानही वाचली.

न्यूट्रल ब्रेकिंग थोडं वाढवलं, पॅडल सोडलं की उतारावर बग्गी मोटरनेच रोखली जाते. हे करताना लक्षात ठेवायचं की उतारावरही मोटरला पूर्ण आराम नसतो, रिजनमधे, म्हणजे मोटर जनरेटरसारखी वीज बनवून बॅटरीत परत पाठवते तेव्हा, तिच्यातून करंट जातोच. चढाच्या मानाने उष्णता साधारण एक तृतीयांश, पण शून्य नाही. म्हणून खाली येऊन लगेच परत वर, असं सलग चार वेळा केलं की तापमान पायरीपायरीने चढतं.

ड्राइव्ह करंट लिमिटला हात लावला नाही. ते कमी केलं असतं तर वळणावरच्या १५ टक्क्याला बग्गी अडकली असती, आणि अडकलेली मोटर हीच तर कंट्रोलरची खरी वैरीण.

वाळूच्या गोण्या घालून परत तीच चाचणी. मोटरमधे २१५ ते २२० अँपिअर, एका चढात तापमान १० अंशांनी वाढलं. सुरुवातीला २८ होतं.

२१ एप्रिल, सोमवार

गुड फ्रायडेचा जोडून आलेला वीकेंड पार पडला. वहीत २८ नाही, २२ नाही. मोटरचं सगळ्यात जास्त तापमान ९६. मॅनेजर साहेबांनी फोनवर सांगितलं की एकाही गेस्टला उतरून चालावं लागलं नाही, ऐकून फार समाधान वाटलं.

पण काकांच्या वहीत एक नवा कोड. शनिवारी सकाळी ७.१५, कोड २४. आणि पुढे त्यांच्या अक्षरात "ब्रेक हलका लागला". हे वाचून मी दुसरी सगळी कामं सोडून तिकडे गेलो. २४ म्हणजे ओव्हरव्होल्टेज. बग्गी रात्री वर सड्यावर किचनच्या मागे चार्जिंगला लागते, सकाळी बॅटरी काठोकाठ भरलेली, आणि पहिली फेरी थेट उताराची. रिजनचा करंट भरलेल्या बॅटरीत जायला जागा नाही, व्होल्टेज वर उडतो, कंट्रोलर स्वतःला वाचवायला रिजन कमी करतो, आणि मोटरचा ब्रेक ऐन उतारावर सुटतो. आधी हे कोणाच्या लक्षात आलं नसेल कारण डावा ब्रेक कायम थोडा लागलेलाच होता. आता बग्गी मोकळी चालतेय म्हणून उघडं पडलं.

यावर सेटिंगचा इलाज शोधण्यापेक्षा जागा बदलणं चांगलं. चार्जिंग खाली रिसेप्शनच्या शेडमधे आणलं, म्हणजे दिवसाची सुरुवात चढाने. शेड उघडी आहे, लेड ॲसिड चार्ज होताना हायड्रोजन सोडते त्यामुळे हवा खेळती हवीच. वायरमनने १५ अँपिअरचा पॉइंट आणि एमसीबी टाकून दिला. डिस्टिल्ड वॉटर चार्जिंग झाल्यावर घालायचं, आधी नाही, आणि उन्हाळ्यात आठवड्याला बघायचं.

विहिरीच्या वळणावर थांबायचं नाही म्हटल्यावर गेस्ट नाराज होत होते, तर वर सपाटीवर फणसाखाली फोटोसाठी जागा करून दिलीय, तिथून समुद्र तेवढाच दिसतो. आणि मधेच थांबायची वेळ आलीच तर हँडब्रेक, पॅडल नाही. नव्या केबलवर १५ टक्क्यावर पूर्ण भरलेली बग्गी हँडब्रेकने जागची हलत नाही, काकांना स्वतः करून बघायला लावलं तेव्हा त्यांचा विश्वास बसला.

२४ मे, शनिवार

पाऊस यंदा लवकर आला, केरळात आजच मान्सून लागल्याची बातमी आहे आणि इथे तीन-चार दिवस झोडपतोय. ओल्या जांभ्यावर उतरताना न्यूट्रल ब्रेकिंग जास्त वाटलं, वळणावर मागची चाकं किंचित घसरली. ते एप्रिलच्या आधी होतं तिथे परत आणलं आणि उतारावर पावसात निम्म्या पॅडलवर, पायाच्या ब्रेकने यायचं असं काकांशी ठरवलं.

कंट्रोलरची प्लेट खालून परत साफ केली, चिखल उडतोच. मोटरच्या सेन्सरच्या कनेक्टरमधे डायइलेक्ट्रिक ग्रीस भरलं, पाणी जाऊन सेन्सर तुटला तर कोड २९ येईल आणि कंट्रोलर स्पीड पाडून टाकेल, मग परत सगळे म्हणतील गरम झाली. हँडब्रेकच्या केबलला दोन्ही टोकांना ग्रीस.

बाकी राहिलेलं काम : मागच्या चाकांना मडफ्लॅप, बॅटरी नंबर तीनची ग्रॅव्हिटी (ॲसिडची घनता) बाकीच्यांपेक्षा कमी येतेय ती इक्वलायझिंग चार्जनंतर (सगळ्या बॅटऱ्या सारख्या भराव्यात म्हणून मुद्दाम दिलेल्या जादा चार्जनंतर) परत मोजायची, आणि सगळ्या सेटिंगची एक प्रत लॅमिनेट करून सीटखाली, तारीख आणि टायरचा साईज घालून, म्हणजे पुढच्या मेकॅनिकला २३०० कशावरून आला ते कळेल.